तिसरी दवंडी

ऊन डोक्यावर आलं तरी मबरूका काही झऱ्यातून बाहेर येईना. कुंपणाच्या भिंतीअलीकडे हम्मू दवंडीवाला डोळ्यांवर पट्टी बांधून, ढोल मांडीवर घेऊन बसला होता आणि स्वतःच्या नशिबाला शिव्या घालत होता.

नवरा गेला की चार महिने दहा दिवस बाईनं कोंडून घ्यायचं, अंगाला पाणी लावायचं नाही. शेवटच्या दिवशी पहाटे या गरम पाण्यात एकटीनं तीन बुड्या मारायच्या आणि घर गाठायचं. सासूनं केसांना तेल लावेपर्यंत तिची नजर ज्याच्या चेहऱ्यावर पडेल, त्याच्या घरात वर्षाच्या आत मयत ठरलेली. म्हणून हम्मूने उजाडायच्या आधी दवंडी पिटली होती आणि सगळ्या गावाने कड्या घालून घेतल्या होत्या. परतताना तिच्यापुढे ढोल वाजवत चालायचं, मागे वळून बघायचं नाही, एवढंच त्याचं काम. तासाभराचं.

आता दुपार झाली. घराघरांत लोक अडकून पडलेले, गोठ्यांत गाढवं तहानेने ओरडत होती.

"पोरी, निघ आता. तीन बुड्या कधीच झाल्या."

"काका, मला जिबरीलशी निकाह करायचा नाही."

जिबरील तिचा दीर. येत्या शुक्रवारी तिला त्याच्या गळ्यात बांधायचं ठरलं होतं आणि आज संध्याकाळी तीही दवंडी हम्मूच देणार होता. जिबरीलची पहिली बायको डाव्या कानाने बहिरी होती. जन्मापासून तशी नव्हती, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, पण बोलायचं कुणी नाही. हम्मू तर मुळीच नाही, कारण तो राहायचा ते घर जिबरीलचं होतं.

तो म्हणाला, मला काय सांगतेस, सासूला सांग. मबरूका म्हणाली, सांगून झालं, कोंडलेल्या बाईचं ऐकतंय कोण. "मबरूका जिबरीलशी निकाह करणार नाही, अशी दवंडी द्या. तीनदा. मग निघते."

तीनदा दिलेली दवंडी गावच्या शेखलाही मागे घेता यायची नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. हम्मू भडकला. तिची लाज काढून झाली, समजावून झालं, आपलं म्हातारपणही पुढे करून झालं. या पाण्यात धडधाकट पुरुष घटकाभरात लालबुंद होऊन बाहेर पळतात. आधी ती शब्दाला शब्द देत होती, मग मधूनमधून बोलायला लागली, मग गप्पच झाली.

हम्मूने ढोल बडवला.  आत जाऊन ओढून काढावं, तर तिच्यापुढे उभं राहावं लागणार. त्याच्या घरात नातू रांगायला लागला होता.

"मबरूका! निदान पायरीवर तरी बस."

बऱ्याच वेळाने आवाज आला, अगदी बारीक. "तिसऱ्यांदा ऐकलं की बसेन."

"बुडवलंस मला," म्हणत हम्मू उठला.

गल्लीत शिरल्यावर त्याने पट्टी वर केली. पहिली दवंडी त्याने बाजारात दिली, दुसरी मशिदीजवळ. बंद दारांआड कुणी खोकलंसुद्धा नाही. तिसरी रिवाजाने ज्याचं नाव घेतलं त्याच्याच दारात द्यायची, म्हणून तो जिबरीलच्या दारासमोर उभा राहिला.

आतून जिबरील गरजला. "हम्म्या, थोबाड बंद कर. बाहेर आलो तर ढोलासकट वाळूत गाडीन."

हम्मूने मागे पाहिलं. गल्ली रिकामी होती. मबरूका तिकडे लांब, पाण्यातच होती.

"या ना मालक," तो म्हणाला. "मबरूका माझ्या मागेच उभी आहे."

 आतली कडी आणखी घट्ट सरकली. मागोमाग वरचा अडसरही पडला.

हम्मूने घसा खाकरला, ढोल पुढे घेतला आणि झऱ्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने तिसरी दवंडी दिली.