दुसरा माइक

म्हाताऱ्या रॉक गायकाचा एकच हट्ट असायचा. गाण्यातल्या वारलेल्या जोडीदाराचा माइक मंचावर शेजारी उभा हवाच. जोडीदाराची बायको आज पहिल्यांदाच कार्यक्रमाला आली होती. साउंडवाल्याने तिला आपल्याजवळ बसवून घेतलं.

धृपदाला दुसरा आवाज मिसळला, आणि ती साउंडवाल्याकडे वळली.

"रेकॉर्डिंग लावलंय ना, भाऊजी?"

"नाही, वहिनी. त्या माइकला वायरच नाही." त्याने मान वर केली नाही. "आम्ही विषय काढत नाही."

कडव्याच्या मध्येच तो आवाज खोकला. शेवटचे महिने तिने उशाशी बसून ऐकलेला, तोच खोकला. घरी उठायची तशी ती पाण्यासाठी उठली.

पण म्हाताऱ्याने गाता गाता, सवयीनेच, स्टुलावरचा पाण्याचा ग्लास त्या माइककडे सरकवला.

खोकला थांबला.