एका तिकिटात एक सुटका

विद्यापीठाच्या कराटे क्लबच्या मॅट पार विरल्या होत्या आणि नव्या घ्यायला पैसे नव्हते. तेव्हा क्लबच्या कॅप्टन पोरीने डोकं लढवलं. वार्षिक मेळाव्यात स्टॉल मांडायचा, तिकीट काढणाऱ्याने हवी ती पकड सांगायची आणि तिने त्यातून सुटून दाखवायचं. कल्पना अशी चालली की रांग पार फाटकापर्यंत गेली.

दुपारी प्रशिक्षक सरांच्या पत्नी, क्लबमधल्या सगळ्यांच्या काकू, आल्या. पहिलं तिकीट त्यांनी मनगटाच्या पकडीचं काढलं, दुसरं मागून केस धरले तर काय करायचं याचं. तिसरं देताना त्या हळूच म्हणाल्या, "पाठ भिंतीला आहे, गळ्यावर हात आहे. आणि आवाज करायचा नाही, पोरं झोपलेली असतात."

"काकू, तुम्हाला कशाला हो हे? तुमच्या घरात तर साक्षात सर आहेत!" पोरगी म्हणाली, तशी सगळी रांग हसली. काकूही हसल्या.

पोरीने एका मैत्रिणीला समोर घेऊन सुटका करून दाखवली. काकूंनी मान हलवली. "ही चालत नाही." तिने दुसरी दाखवली. "हीसुद्धा करून बघितली."

पोरीचं हसू मावळलं. पलीकडे सर पाहुण्यांशी बोलत उभे होते. काकूंनी त्यांच्याकडे पाठ केली आणि चौथ्या तिकिटाचे पैसे पुढे केले.

"सरांनी न शिकवलेली एखादी येते का गं तुला?"