राहिलेली टाळी

“ताई, भजनात टाळी मध्येच सोडू नका हं. राहिलेली टाळी कुठेतरी वाजतेच,” शिबिरात सतरंज्या घालणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “काहीतरीच काय मावशी!” म्हणत तिने ते हसण्यावारी नेलं.

तीर्थाच्या गावातल्या त्या शिबिराची ती तिसरी दुपार. मांडीशी निजलेल्या वर्षभराच्या लेकीचं पांघरूण सरकलं, म्हणून तिने टाळ्या थांबवल्या, ते नीट केलं आणि मग हात तसेच मांडीवर ठेवले.

भजन संपलं. सभामंडप शांत झाला आणि मागाहून एकच टाळी सणकन वाजली. लेक किंकाळी फोडून उठली. तिच्या गालावर पाच बोटं उमटली होती.

“कुणी मारलं माझ्या पोरीला?” ती कडाडली.

मावशींनी तिचा उजवा हात धरून उलटा केला. तळवा लालभडक झाला होता.

त्या दिवसापासून घरीही ती लेकीपासून चार हात लांबच राहते. पण आत्ता आतल्या खोलीत टाळ्या वाजल्या, एकामागून एक, आणि पोरीचं रडणं मध्येच तुटलं. ती उंबऱ्यावर थिजली आहे. दोन्ही तळवे नुसते पेटलेत, आत पाऊल टाकायचा धीर होत नाही.

तुम्ही तरी आत जाऊन पोरीला बघा हो.