खंडेनवमीची हाक

खंडेनवमीला तात्यांनी अंगणात ट्रॅक्टरशेजारी माझा जुना सर्व्हरही पूजेला मांडला. सणसरच्या घरी बसून मी भिगवणच्या डेअरीतलं हे मशीन सात वर्षं सांभाळलं, एकदाही बंद पडू दिलं नाही. नवं आल्यावर परवाच हे घरी आणलं.

"स्वरूपा, पाव्हण्यांना दाव की, तू हाक मारली की त्ये कसं ओ देतं!"

तात्यांचं मन राखायला मी हसत लॅपटॉपवरून त्याच्या जुन्या नेटवर्क-पत्त्यावर पिंग केलं, म्हणजे 'आहेस का?' असा संदेश धाडला.

भिगवणहून उत्तर यायला वीस मिलिसेकंद लागायचे. आज एकही लागला नाही. इतक्या जवळून उत्तर आलं.

"बगा! माज्या पोरीला न्हाय म्हणत न्हाय त्ये," तात्यांची छाती फुगली.

त्यांच्या हातात, नीट गुंडाळलेली, मशीनची विजेची वायर होती.