दोन टोले

गावच्या फाट्यावर बस मिनिटभरच थांबायची. कंडक्टर वैजयंता पायरीवरून वाकून सासूच्या कडेवरल्या मंजिरीचा मुका घ्यायची, मग काळजावर दगड ठेवून घंटीची दोरी दोनदा ओढायची. ठण, ठण! बस हलायची आणि मागून लेकीचा टाहो ऐकू यायचा.

गावाजवळच्या डेपोत बदलीसाठी तिने तीन अर्ज दिले. "लेकरं काय तुम्हालाच आहेत, बाई?" साहेब दरवेळी म्हणायचे.

दिवाळी उलटल्यावर कशीबशी चार दिवसांची रजा मिळाली. वैजयंता घरी पोचली, तशी मंजिरी धावत येऊन गळ्यात पडली. मुका दिला. मग मिठीतून सुटून चुलीपाशी गेली आणि तिनं ताटलीवर चमचा दोनदा आपटला.

ठण, ठण.

"आई, जा," ती म्हणाली. या वेळी ती रडली नाही.