वेणूताईचे पान

संगणकाच्या पेटीवरचे दसऱ्याचे कुंकू अजून पुसले गेले नव्हते. मेकॅनिकने ती उघडून नवी हार्ड डिस्क बसवली, फॉरमॅट केली आणि जुनी तपासून पाहत तो म्हणाला, "काका, ही तर ठणठणीत आहे. कोणी सांगितलं बिघडली म्हणून?"

दिगंबरराव गोंधळले. सांगितले होते धाकट्या भावाने. रविवारी येऊन त्यानेच त्यांचा कुळवृत्तांत पेनड्राइव्हवर उतरवला होता आणि जुनी डिस्क स्वहस्ते कोरी केली होती.

त्यांनी पेनड्राइव्ह जोडला. नऊ वर्षे खपून जमवलेल्या अकरा पिढ्या जागच्या जागी होत्या. परजातीत लग्न केलेल्या बहिणीचे, वेणूताईचे पान तेवढे नव्हते. वडिलांच्या नावाखाली दोघे मुलगेच उरले होते.

त्यांनी भावाला फोन लावला.

"दादा, पुस्तक चार लोक वाचणार. माझ्या पोरीचं लग्न जमायचंय अजून."

"ते पान ताईने मरणापूर्वी दवाखान्यात स्वतः सांगितलं होतं रे. माझ्याकडे दुसरी प्रत नाही."

"ठाऊक आहे," भाऊ शांतपणे म्हणाला. "म्हणून तर डिस्क पुसली. राहिली असती, तर तुम्ही ते परत घातलं असतंत."