पायाला शिवायचं नाही

"आमच्यात लेक आईच्या पायाला शिवत नाही," असं ठणकावत हौसाक्कानं वर्षं काढली. मधुमेहावर संशोधन करणाऱ्या तिच्या लेकीनं, वैजूनं, गावोगावच्या शुगरवाल्या हजार बायांचे तळवे तपासले. आईचे तेवढे राहिले. आज लुगड्याच्या काठाला पू दिसला, तेव्हा म्हातारीचा नाइलाज झाला.

"डोळे मीट. तळव्याला हा नायलॉनचा ताठ दोरा टोचला की सांग," तपासणीची डबी पुढ्यात ठेवत वैजू म्हणाली.

"मला काय धाड भरलीय? त्या बायांना शिकव तुझं शहाणपण."

डोळे मिटून अक्का ताठ मानेनं सांगू लागली, "हं, टोचलं. आता अंगठा. आता टाच. सगळं कळतंय मला."

एवढं सांगून तिनं डोळे उघडले. दोरा अजून डबीतच होता. वैजू दोन्ही हातांत आईचं पाऊल घट्ट धरून रडत होती. ते कधी धरलं, हे अक्काला कळलंच नव्हतं.